खोल दर्यात कुपा गरवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हर्णे ते वेंगुर्ला या पट्ट्यात गळाने कुपा (ट्यूना) धरू पाहणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांना रॉड-रीलबद्दल विचारायचं असतं. पण कुप्याचा पैसा आणि चव जाते ती मासा होडीत आल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत, म्हणून तो भाग इथे मुद्दाम लांबवला आहे.

आपल्याकडे नेमका कोणता कुपा मिळतो?

कुपा, कुप्पा, गेदर ही नावं बंदरागणिक वेगवेगळ्या माशांना लावतात. तेव्हा नावापेक्षा खुणा बघा. छातीच्या पराखाली तीन-चार काळे ठिपके आणि पाठीवर मागच्या अर्ध्या भागात नागमोडी रेघा असतील तर तो कावाकावा. किनाऱ्याजवळ सर्वांत जास्त हाच लागतो, वजन साधारण २ ते ५ किलो. शेपटीकडे लांबट, निमुळता, पोटावर फिकट लंबगोल ठिपके असलेला तो लांबशेपट्या, इंग्रजीत ज्याला लाँगटेल म्हणतात. हा ३ ते १० किलोचा सर्रास मिळतो, कधी त्याहून मोठाही. पोटावर चार-सहा आडव्या काळ्या रेघा असतील तर स्किपजॅक. दुसरा पाठपर आणि पोटाखालचा पर पिवळेधमक, पोटावर तुटक उभ्या पांढऱ्या रेघा म्हणजे यलोफिन, पिवळ्या पराचा कुपा. यलोफिनसाठी समुद्रतळ एकदम खोल जातो त्या उतारापर्यंत जावं लागतं, बाकीचे त्याच्या बऱ्याच अलीकडे भेटतात.

हंगाम कोणता?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघतात, पण लहान होडीने खोल जाण्याजोगा दर्या ऑक्टोबरपासून मिळतो. पाणी निवळतं, छोटी मासळी वर येते आणि कुपा तिच्या मागे येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळ शांत आणि दुपारनंतर उत्तरेचा वारा, असा खेळ असतो. मतलईवर पहाटे निघावं आणि वारा धरायच्या आत परतीला लागावं. मार्च-एप्रिल चांगला. अरबी समुद्रात चक्रीवादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन काळांत होतात. ऑक्टोबर २०१९ चं क्यार आणि मे २०२१ चं तौक्ते सर्वांना आठवत असेल. या महिन्यांत हवामान खात्याचा इशारा पाहिल्याशिवाय दोरी सोडू नका.

किती आत जावं लागतं?

कावाकावा आणि लांबशेपट्या २५ ते ५० मीटर पाण्यातही मिळतात, म्हणजे एका दिवसात जाऊन येण्यासारखं अंतर. यलोफिनची गोष्ट वेगळी. आपल्यासमोरचा खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, रुंद आहे आणि पाणी २०० मीटरला जातं ते शंभर किलोमीटरच्या आसपास किंवा त्याही पलीकडे. याच उताराच्या काठावर विजयदुर्गापासून साधारण १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे बुडालेलं पठार. वरचा माथा सुमारे २० मीटरवर आणि बाजूला पाणी एकदम खोल. ८ नॉटने (तासाला सुमारे १५ किलोमीटर) जाणाऱ्या होडीला तिथे पोचायला सात तास लागतात, म्हणजे रात्रीचा मुक्काम धरूनच बेत करावा. डिझेलचा हिशेब सोपा: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हात न लावता शिल्लक. ट्रोलिंगला जाळलेलं इंधन पहिल्या भागातून मोजायचं, शिलकीतून नाही.

आंग्रिया बँकेवर जिवंत प्रवाळ आहे. तिथे नांगर टाकू नका. होडी वाहत ठेवूनच मासेमारी करा.

ट्रोलिंग म्हणजे ट्रॉलरची मासेमारी का?

नाही, आणि या घोळामुळे बंदरावर उगाच वाद होतात. ट्रॉलर तळाशी जाळं ओढतो. ट्रोलिंगमध्ये चालत्या होडीमागे पाण्याच्या वरच्या थरात चार-पाच गळ ओढतात. तळाला काही लागत नाही, नको असलेला मासा जिवंत सोडता येतो.

खाली कुपा आहे हे कसं ओळखायचं?

आधी पक्षी. सुरय एकाच जागी घिरट्या घालून सूर मारत असतील तर खाली कुपा चारा वर ढकलतो आहे. पक्षी पाण्यावर नुसते बसले असतील तर मासा खाली गेलाय पण लांब नाही, वीस मिनिटं थांबा. पक्षी उंचावरून एका दिशेने सरळ निघाले असतील तर त्यांच्या मागे जा.

दुसरी खूण पाण्याच्या रंगाची. हिरवट आणि निळं पाणी जिथे भेटतं त्या रेषेवर फेस, कचरा, ओंडके साचतात. रेषेच्या निळ्या बाजूने, तिला समांतर चाला. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहाने मोजलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून संभाव्य मासेमारी क्षेत्राचा सल्ला देते, तो मराठीतही मिळतो. आभाळ झाकलं असेल तर तो निघत नाही. सल्ल्यातला बिंदू म्हणजे माशाचा पत्ता नव्हे. तिथपासून चार-पाच किलोमीटरच्या टापूत शोध सुरू करायचा एवढाच त्याचा अर्थ.

ट्रोलिंग, जिगिंग, चंकिंग यांपैकी केव्हा काय?

मासा कुठे आहे हे माहीत नसेल तर ट्रोलिंग, कारण त्यात पाणी पालथं घालता येतं. सोनारवर (पाण्याखालचा मासा दाखवणाऱ्या यंत्रावर) थवा दिसला किंवा पक्ष्यांखालचा मासा बुडाला तर जिगिंग, म्हणजे जड धातूचं आमिष (जिग) खाली सोडून झटक्यांनी वर आणणं. मासा आहे, जागा पक्की आहे पण तो वर येत नाही, तेव्हा चंकिंग, म्हणजे माशाचे तुकडे टाकून त्याला होडीजवळ बांधून ठेवणं. चांगल्या दिवशी या तिन्ही पद्धती याच क्रमाने वापरल्या जातात.

ट्रोलिंगला काय सामान लागतं?

यलोफिनची शक्यता असेल तर ५० पौंडी रॉड, लिव्हर ड्रॅगचं रील आणि किमान ४०० मीटर दोरा. पुढे ८० पौंडी फ्लुओरोकार्बनचा ३ मीटर लीडर (गळाला जोडलेला शेवटचा दोरा), मध्ये बॉलबेअरिंगचं स्विव्हल, म्हणजे फिरती कडी. साधं स्विव्हल फिरत नाही आणि तासाभरात तंगुसाला (नायलॉनच्या दोऱ्याला) पीळ पडतो. नुसत्या कावाकावासाठी ३० पौंडी सामान पुरे.

ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, हाताने ओढून ठरवू नका. दोऱ्याला स्प्रिंगचा काटा लावा आणि दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा. ५० पौंडी दोऱ्याला म्हणजे साडेपाच ते साडेसात किलो. कावाकावाला दोन-तीन किलोच पुरतो, जास्त ठेवला तर जबडा फाटून गळ सुटतो. ड्रॅग जास्त घट्ट असणं हे मासा सुटण्याचं आपल्याकडचं पहिलं कारण आहे.

आमिषं किती मागे सोडायची आणि वेग किती?

झालरीची नकली आमिषं ६ ते ८ नॉटवर, ओठ असलेले प्लगमासे ५ ते ७ नॉटवर. पाच दोरे असतील तर दोन जवळचे १० आणि १५ मीटरवर, दोन लांबचे २२ आणि ३० मीटरवर, मधला एकटा ५० मीटरवर. मीटर मोजत बसण्यापेक्षा होडीमागे उठणाऱ्या लाटा मोजा. आमिष लाटेच्या पुढच्या उतारावर असावं, माथ्यावर किंवा मागे नाही.

झालरीचं आमिष नीट चाललंय की नाही ते असं बघा: दर आठ-दहा सेकंदांनी ते वर येऊन हवा घेतं आणि मागे बुडबुड्यांची शेपूट सोडत बुडतं. ते पाण्याबाहेर उड्या मारत असेल तर वेग कमी करा किंवा दोरा आणखी सोडा. गोल गोल फिरत असेल तर गळ तिरका बसलाय किंवा शेवाळ अडकलंय. दर वीस मिनिटांनी सगळे दोरे तपासा. शेवाळाचा एक धागा गळावर असला तरी कुपा त्याला तोंड लावत नाही.

वळताना मोठा वळसा घ्या. लहान वळणात आतले दोरे मंदावतात, बुडतात आणि बाहेरच्यांत गुंततात. एक मासा लागला की लगेच इंजिन थांबवायचं नाही. दहा-पंधरा सेकंद तसंच चालत राहिलं तर थव्यातला दुसरा, तिसराही लागतो.

थव्यात शिरलो की मासा लगेच बुडतो. का?

शिरलात म्हणूनच. पंख्याचा आवाज आणि होडीची सावली थव्यावरून गेली की तो खाली जातो. थवा कुठे सरकतोय ते दोन मिनिटं लांबून बघा, त्याच्या वाटेपुढून तिरके जा आणि फक्त आमिषं थव्याच्या कडेवरून ओढली जातील असं वळा. होडी थव्यापासून किमान ३० मीटर दूर राहिली पाहिजे. डॉल्फिन सोबत असतील तर त्यांच्यामधून गळ अजिबात ओढू नका. ते संरक्षित प्राणी आहेत आणि गळ अडकला तर सोडवणं दोघांच्याही जिवावर येतं.

सुरमई लीडर कापून नेते. वायर लावू का?

सुरमईचे दात तंगूस सहज कापतात, पण वायर दिसली की कुपा फिरकत नाही. दोन्ही हवे असतील तर फक्त ५० मीटरवरच्या मधल्या दोऱ्याला ३०-४० सेंटीमीटर एकेरी पोलादी वायर लावा, बाकी सगळे तंगुसावरच ठेवा. लागोपाठ तीन आमिषं स्वच्छ कापली गेली तर तिथे सुरमई आहे. मग आधी तीच धरा.

रॉड नाही. हाताच्या दोरीने चालेल?

चालेल, आणि कावाकावासाठी उत्तम चालतं. एक मिलिमीटर जाडीचं ८० ते १०० मीटर तंगूस, टोकाला स्विव्हल आणि पातळ लीडर. होडीला बांधायच्या टोकाशी सायकलच्या ट्यूबची हातभर पट्टी ठेवा. मासा झडप घालतो तेव्हाचा हिसका ती शोषते. दोरा हाताला किंवा बोटाला कधीही गुंडाळायचा नाही. चार किलोचा मासाही तेवढ्यात बोट कापू शकतो. ओढलेला दोरा पायाशी न टाकता टोपलीत टाका.

जिग किती वजनाचा घ्यावा?

४० ते ६० मीटर पाण्यात १०० ते १५० ग्रॅम. होडी जोरात वाहत असेल तर २०० पर्यंत. दोरा सरळ खाली जाण्याऐवजी फार तिरका जात असेल तर जिग हलका आहे असं समजा. खूप खोल जायची गरज सहसा पडत नाही. अरबी समुद्राच्या आपल्या बाजूला साधारण शंभर-दीडशे मीटरखाली प्राणवायू फार कमी असतो आणि कुप्याला तो भरपूर लागतो. त्यामुळे मासा वरच्या थरातच कोंडलेला असतो. जिगिंगला हे सोयीचंच आहे.

दोरा वेणीचा, पीई ३ जाडीचा, दर १० मीटरला रंग बदलणारा घ्या म्हणजे खोली मोजता येते. पुढे ६० पौंडी लीडर ४ मीटर, जोडायला एफजी गाठ, वीसएक वेढे. गाठ ओली करून, हातमोजे घालून पूर्ण ताकदीने आवळा. नीट न आवळलेली एफजी गाठ होडीवर बरी दिसते आणि मोठ्या माशाच्या पहिल्याच धावेत घसरते. गळ जिगच्या वरच्या कडीला, आखूड दोरीवर एक किंवा दोन.

जिग खालीवर करतो, पण काही लागत नाही.

तळापर्यंत सोडून तिथेच हलवत बसला असाल तर लागणारही नाही. सोनारवर मासा ३५ मीटरवर दिसत असेल तर जिग ४५ वर न्या आणि तिथून भराभर वर आणा, दांड्याच्या एका झटक्याला हँडलचा एक फेरा, १५-२० मीटर न थांबता. मग सोडून द्या आणि पुन्हा. निम्म्या वेळा मासा लागतो तो जिग खाली जाताना. तेव्हा दोऱ्यावर नजर ठेवा. जाता जाता दोरा मध्येच थांबला किंवा अचानक वेगाने पळू लागला तर रील बंद करून लगेच ताण द्या.

मासे सगळीकडे उड्या मारतायत, पण कशालाच तोंड लावत नाहीत.

लांबशेपट्याची ही नेहमीची तऱ्हा. तो बोटाएवढ्या मासळीवर तुटून पडलेला असतो आणि तुमचं आमिष वीतभर लांब असतं. २० ते ४० ग्रॅमचा बारीक चकचकीत धातूचा जिग, ३० पौंडी लीडर, आणि थव्याच्या पुढे फेकून जमेल तितक्या वेगाने ओढणं. हळू ओढलेलं त्याला पटत नाही.

चंकिंग कसं करायचं?

तीन तासांसाठी १५ किलो तारली पुरते. बांगडाही चालतो पण महाग पडतो. तारली अर्धवट गोठलेली असताना कापा, तुकडे स्वच्छ पडतात. एका तारलीचे तीन-चार, बांगड्याचे सहा-सात, दोन-अडीच सेंटीमीटरचे. कापलेला चारा बर्फावर ठेवा. उन्हात मऊ पडलेला तुकडा पाण्यात विस्कटतो आणि कामाचा राहत नाही.

होडी वाहती ठेवा. वाऱ्याने ती फार पळत असेल तर नाळेवरून (होडीच्या पुढच्या टोकावरून) कापडी छत्रीचा समुद्री नांगर सोडा, वेग एका नॉटच्या आत यायला हवा. मग तीन-चार तुकडे टाका. ते बुडत बुडत दिसेनासे झाले की पुढचे तीन-चार. ही साखळी तुटू द्यायची नाही. कुपा त्या रेषेने वर वर येत होडीजवळ पोचतो. एका माणसाने फक्त हेच काम करावं, त्याच्या हातात रॉड देऊ नका.

गळाचा तुकडा टाकलेल्या तुकड्यांएवढाच हवा. ४/० ते ६/० मापाचा सर्कल गळ (टोक आत वळलेला) तुकड्यात लपवा, टोक थोडं बाहेर. लीडर ४० ते ६० पौंडी, दोन मीटर. वर शिसं नाही. गळ बाकीच्या तुकड्यांसोबतच पाण्यात सोडा आणि रीलवरून हातभर हातभर दोरा काढत राहा. दोरा सतत किंचित सैल असायला हवा. ४०-५० मीटर गेला की गुंडाळा, नवा तुकडा लावा, पुन्हा सुरुवात.

दोरा एकदम पळू लागला की तीन मोजा, रील बंद करा आणि फिरवत राहा. हिसका देऊ नका. सर्कल गळ ताण आला की आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. हिसक्याने तो तोंडातून बाहेर येतो.

चंकिंगमध्ये चुकतं कुठे?

सर्वांत आधी प्रमाणात. उत्साहाने ओंजळी ओंजळी चारा टाकला की मासा पोट भरून खालीच राहतो. चाऱ्याने त्याला भूक लागली पाहिजे, जेवण मिळता कामा नये. दुसरं, दोरा ताणलेला. बाकीचे तुकडे बुडतायत आणि तुमचा एकटा अधांतरी तरंगतोय, हे कुप्याला लगेच कळतं. त्याची नजर फार तेज असते. बाकीचे तुकडे खाल्ले जात असूनही गळ घेतला जात नसेल तर लीडर एक नंबर पातळ करा आणि गळ लहान करा, जागा बदलू नका. तिसरं, मध्येच खंड. पाच मिनिटं चारा थांबला की जमवलेला थवा निघून जातो.

केंड (फुगणारा मासा) आली की तुकडे कुरतडून निघतात. मग चारा थोडा वाढवून गळ खोल न्या. मुशी आली आणि लागलेले मासे अर्धे येऊ लागले तर तिथून तीन किलोमीटर तरी हला.

रात्री दिवे लावून धरावा का?

एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून धरण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. या प्रकाराने लहान मासळीसकट सगळं उचललं जातं आणि पारंपरिक मच्छीमारांचं नुकसान होतं. बंदी योग्यच आहे. करू नका.

मासा होडीखाली गोल गोल फिरतो आणि वर येत नाही.

कुपा दमला की असंच करतो. होडी थोडी पुढे घेत राहा म्हणजे दोरा तिरका राहील, पंख्यापासून दूर राहील. मासा वळणात तुमच्याकडे तोंड करतो तेवढ्याच वेळात गुंडाळा, पाठ करतो तेव्हा नुसतं धरून ठेवा. लांब लांब झटके न देता आखूड ओढी द्या. गॅफ (मासा वर ओढायचा दांड्याचा आकडा) डोक्यातच मारा. अंगात मारलेल्या गॅफने वरचं सर्वांत चांगलं मांस वाया जातं. लढत विनाकारण लांबवू नका, त्याचं कारण पुढच्याच उत्तरात आहे.

रक्त काढणं खरंच गरजेचं आहे का?

आहे. कुपा बाकीच्या बहुतेक माशांसारखा थंड नसतो. त्याच्या स्नायूंतली उष्णता अंगातच राहील अशी रक्तवाहिन्यांची जाळी त्याच्या शरीरात असते, त्यामुळे तो भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम असतो. लढताना आणखी तापतो. मेल्यावर ते गरम, रक्ताने भरलेलं मांस स्वतःच स्वतःला शिजवू लागतं: फिकट, भुसभुशीत, आंबूस. लिलावात कुप्याला सुरमईच्या जवळपासही भाव मिळत नाही त्यामागे हे एक मोठं कारण आहे. तो हलका मासा म्हणून गणला गेला, कारण तसाच हाताळला गेला.

मासा ओल्या गोणपाटावर ठेवा, डोळे ओल्या फडक्याने झाका म्हणजे आपटणार नाही. डोळ्यांच्या मधोमध, किंचित मागे कपाळावर फिकट ठिपका दिसतो. तिथे टोकदार खिळा मेंदूच्या दिशेने खुपसा. अंग थरथरतं, तोंड उघडतं आणि मग सैल पडतं. आता छातीचा पर अंगाला चिकटवा. त्याच्या मुळापासून दोन-तीन बोटं मागे, दोन्ही बाजूंना उभा छेद द्या, लहान माशाला एक-दीड सेंटीमीटर खोल, मोठ्याला दोन-तीन. तिथे मुख्य वाहिनी कातडीच्या अगदी खाली असते. नंतर कल्ल्यांमागचा पडदा कापा आणि डोकं खाली करून वाहत्या समुद्राच्या पाण्यात धरा. दहा मिनिटांत रक्त थांबतं. कल्ले आणि आतडी काढा, पोट समुद्राच्या पाण्यानेच धुवा.

बर्फ किती न्यावा?

एका दिवसाला माशाच्या वजनाइतका तरी, दोन दिवसांच्या फेरीला दुप्पट. लादी फोडून चुरा करा, मोठे खडे माशाला खरचटतात आणि नीट चिकटत नाहीत. पेटीत दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी असा रगडा करून मासा पूर्ण बुडवा. नुसत्या, पाणी न घातलेल्या बर्फचुऱ्यापेक्षा हा रगडा मासा फार लवकर गार करतो, कारण तो चारी बाजूंनी अंगाला लागतो. दहा किलोच्या माशाचा गाभा गार व्हायला काही तास लागतात, घाईने काढू नका. त्यानंतर पोटात बर्फ भरून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून नुसत्या बर्फचुऱ्यात ठेवा आणि वितळलेलं पाणी काढत राहा.

कुपा खाल्ल्यावर तोंड लाल होऊन खाज का सुटते?

मासा उन्हात राहिल्यामुळे. कुपा आणि बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा ४ अंशांच्या वर राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून, पुन्हा गोठवून जात नाही. वासावरून, रंगावरूनही ते कळेलच असं नाही. चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, जीभ चुरचुरणं, अंगावर पित्त उठणं हे काही मिनिटांपासून दोनेक तासांत होतं. श्वास लागला तर सरळ दवाखाना गाठा. अनेक जण याला माशाची ॲलर्जी समजून कुपा कायमचा सोडतात. खरा दोष बर्फाचा असतो.

परवाना आणि सुरक्षेचं काय?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे २२ किलोमीटर, राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा लागू होतो. होडी नोंदणीकृत हवी, खलाशांची ओळखपत्रं सोबत, निघताना बंदरावर नोंद. मासेमारी परवान्यावर हौशी प्रवासी नेता येतात असं गृहीत धरू नका. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आधी विचारा. व्हीएचएफवर (होडीवरच्या रेडिओवर) १६ नंबरचा चॅनल सतत चालू, तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ तांडेलाला पाठ. मोबाइल किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर मुका होतो, त्याच्या भरवशावर राहू नका. कासव किंवा व्हेल शार्क गळाला लागलाच तर वर न ओढता पाण्यातच दोरा गळाजवळ कापा.

घरी आणल्यावर मधला काळपट पट्टा फेकून द्यायचा का?

फेकू नका, पण वेगळा काढा. त्याचा वास उग्र असतो आणि बाकीच्या मांसाला लागतो. फिकट मांसाच्या जाड तुकड्या तळायला किंवा तव्यावर थोडक्यात भाजायला ठेवा, जास्त शिजवल्या तर भुसा होतात. काळा पट्टा त्याच दिवशी करा. तिरफळं आणि आमसुलं घालून घट्ट तिखलं केलं की उग्रपणा जातो.